खालचे तीन फूट: कारेलीबागेतील भिंतीची पाचवी नोंद

मागील नोंदीत मी भिंतीवरचे वडाचे चित्र पूर्ण झाल्याचे लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. बडोद्यातील आमच्या सोसायटीची रस्त्याकडची भिंत ४२ फूट लांब आणि ७ फूट उंच आहे. तिचे वरचे ४ फूट आजही पहिल्या दिवसाइतके टवटवीत आहेत, परंतु खालच्या ३ फुटांत रंगाचे इतके पोपडे सुटले की पारंब्या जमिनीला टेकण्याऐवजी अधांतरीच तुटल्यासारख्या दिसू लागल्या. ही नोंद त्या ३ फुटांपुरतीच आहे.

दोष पुराचा, असे मी बरेच महिने मानत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी गल्लीत शिरून भिंतीशी अडीच फुटांपर्यंत उभे राहिले, तेव्हा चित्राला पाच महिनेही झाले नव्हते. पाणी ओसरल्यावर गाळ धुतला, तर खाली रंग शाबूत होता, आणि मी बाहेरच्या भिंतींसाठी मिळणाऱ्या वॉटरप्रूफ इमल्शन रंगाचे कौतुक करीत फिरलो. पोपडे सुटले ते दिवाळीनंतर, म्हणजे भिंत वाळू लागल्यावर. विटांनी प्यायलेले पाणी बाहेर पडताना आपल्याबरोबर क्षार आणते. वाटेत इमल्शनचा पापुद्रा आडवा आला की पाणी कसेबसे निसटते, क्षार मात्र मागेच स्फटिक होऊन बसतात आणि वाढता वाढता पापुद्र्याला बाहेर ढकलतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. पूर आला नसता, तरी जमिनीतली ओल विटांमधून वर चढतच असल्यामुळे दोन-चार पावसाळ्यांत हेच झाले असते.

ओल आतून येते की बाहेरून, हे पाहण्यासाठी दोन फूट चौरस पॉलिथीन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक दिवस ठेवावे. दवबिंदू भिंतीकडच्या बाजूस जमले, तर ओल आतली आहे. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून अक्षरशः ओघळ वाहत होते. यानंतर माझ्या हातून एक ढोबळ चूक झाली: वर आलेला पांढरा थर मी पाण्याने धुतला. क्षार विरघळले आणि पुन्हा विटांत शिरले. लोणा नेहमी कोरड्या ब्रशाने झाडावा आणि झाडलेली पूड भिंतीच्या पायथ्याशी पडू न देता गोळा करून दूर टाकावी. पुढे मी डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा जाड लेप तीन वेळा लावला. लगदा वाळताना क्षार त्यात ओढले जातात आणि तो सोलून टाकता येतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला सापडला नाही.

भित्तिचित्रांचा वारसा बडोद्याइतका जवळून क्वचितच कोणा शहराला लाभला असेल. गायकवाड राजघराण्याचे स्मारक असलेल्या कीर्ती मंदिराच्या चार भिंतींवर चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगविलेली चित्रे आहेत, तांबेकर वाड्याच्या वरच्या मजल्यांवर एकोणिसाव्या शतकातील चित्रांच्या रांगा आहेत, आणि माझ्यासारखे हौशी लोक तिथे जाऊन रेषा, रंग व रचना डोळ्यांत साठवून येतात. मात्र ती सारी चित्रे छपराखाली आहेत, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. पावसात आणि धुळीत उभ्या असलेल्या भिंतीबद्दल अधिक शिकवण मिळाली ती बडोद्याच्या ललित कलाशाखेत अध्यापन केलेले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या लखनौ येथील रवींद्रालय या नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरून. तिथे त्यांनी १९६३ मध्ये रंगाच्या थरावर विसंबून न राहता भाजलेल्या मातीच्या फरशा वापरल्या. फरशा भाजण्याची सोय आमच्यापाशी नाही, म्हणून मी चुन्याकडे वळलो.

खालच्या ३ फुटांवरचा सिमेंटचा गिलावा तासून तिथे चुना आणि वाळूचा गिलावा केला. पहिल्या तरुण कडियाने (गवंडी म्हटले तर इथे कोणी वळूनही पाहत नाही) चुन्याचे काम फक्त आजोबांकडून ऐकल्याचे सांगून हात जोडले. दुसऱ्याने ते केले आणि उत्तम केले. रंगासाठी चुनकळी (न विझवलेला चुना) पिंपात विझवून तीन आठवडे पाण्याखाली ठेवली, फडक्यातून गाळली आणि ताकाइतकी पातळ केली. चुनकळी विझताना पाणी खदखदते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. भिंत आधी ओली करून पातळ हात दिले, एकूण पाच, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचे रूप धरतो, त्यातच रंगाचे कण अडकतात, आणि तरीही ओलीला बाहेर पडायला वाट राहते. लोणा पुढेही येईल; पण तो पृष्ठभागावर येईल, झाडता येईल आणि त्यावर दरवर्षी एक हात मारता येईल. खालचा भाग झिजणारच असे धरूनच त्याची आखणी करावी, या मतावर मी आता ठाम आहे.

चुन्याच्या दाहकतेपुढे सगळे रंग टिकत नाहीत. प्रशियन निळा नासतो, बरेचसे भडक सेंद्रिय रंगही विटतात. गेरू, हिरमुजी, पिवळी माती आणि कोळशाचा काळा मात्र टिकतात. लादीच्या कामासाठी मिळणारे ऑक्साइड रंग चालतात, परंतु त्यांत भेसळ असू शकते, म्हणून प्रत्येक पुडीतला चिमूटभर रंग चुन्याच्या निवळीत घालून आठवडाभर पाहावा. माझ्या हिरव्याच्या दोन पुड्यांपैकी एक चौथ्या दिवशीच करडी पडली.

खरी अडचण डोळ्यांची झाली. ओला चुना पारदर्शक असतो आणि वाळताना पांढरा होतो, त्यामुळे आज गडद तपकिरी दिसणारी पारंबी परवा दुधाळ होते. प्रत्येक मिश्रणाचा पट्टा विटेवर वाळवून पाहिल्याशिवाय मी आता कुंचला उचलत नाही. वरचे इमल्शन आणि खालचा चुना यांची सीमा सरळ रेषेत ठेवली असती, तर ती दुरूनही उठून दिसली असती. म्हणून ती पारंब्यांच्या कडेकडेने वरखाली नेली आहे. चुन्याचे ओघळही पारंब्यांत खपून जातात. हे मात्र सुचलेले नाही, घडलेले आहे.

भिंतीला चिकटून बसवलेल्या पेव्हर ब्लॉकची एक रांग काढून तिथे खडी भरायची होती, कारण पावसाचे शिंतोडे कठीण फरशीवरून उसळून थेट चित्रावर येतात. सोसायटीच्या बैठकीत यावर दोन तास गेले, आणि खडी भरली गेली.

आज ४२ पैकी २४ फूट झाले आहेत. तुलनेसाठी उजव्या टोकाला तीन पट्टे सोडले आहेत: एक निव्वळ चुन्याचा, एक डिंकाचे पाणी घातलेला आणि एक साय काढलेले दूध घातलेला. पावसाळ्यानंतर त्यांची अवस्था कळवीन. मुलांच्या आग्रहास्तव पारंब्यांखाली एक मगर आली आहे, आणि तिच्या पोटाचा हिरवा या क्षणी ओला, काळपट आणि अगदी हवा तसा आहे. तो परवा वाळेल.