यान उडी मारतंय

'नेट स्लो. फक्त गेममध्ये. चौथी तक्रार.'

मोबाइलवर तक्रारीचं तिकीट उघडलं की वर एवढंच दिसतं आणि खाली आधीच्या भेटींचे शेरे. इथे तीन शेरे होते आणि तिन्हींचा मतलब एकच: लाइन ओके, दोष ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये. त्यातला जूनमधला पहिला शेरा माझ्या आयडीवरून गेलेला. म्हणून ही केस मी मागून घेतली, आणि म्हणूनच ती अजून डोक्यातून जात नाही.

मी गोव्यात फोंडा भागात फायबर इंटरनेटचा फील्ड टेक्निशियन आहे. नऊ वर्षं झाली. लोकांना वाटतं पावसाळ्यात आमचं काम म्हणजे पडलेली झाडं आणि तुटलेल्या वायरी. तुटलेली वायर तर सगळ्यात सोपी. राउटरवर लाल दिवा पेटतो, मशीन लावलं की किती मीटरवर तुटली ते कळतं, जोडलं की मोकळे. जीव खाते ती न तुटलेली वायर. चार तासांत तिकीट बंद झालं नाही तर वरून फोन येतो, त्यामुळे तिच्या मागे कोणी लागत नाही. स्पीड टेस्ट लावायची, 100 पैकी 98 आले की फोटो काढायचा, तिकीट बंद. जूनमध्ये मी हेच करून निघून आलो होतो.

घर सावईवेऱ्याला, कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेच्या आत. अनंताच्या देवळाकडच्या खांबावर आमचा बॉक्स आणि तिथून साधारण 180 मीटर ड्रॉप वायर माडा-पोफळींमधून घरापर्यंत. तक्रार करणारा मुलगा वेर्ण्याला कारखान्यात शिफ्ट करतो. मोठा भाऊ सहा-सात वर्षं इंग्लंडात, स्विंडनला. मी बॅग ठेवतोय तोच घरातल्या काकी म्हणाल्या, "हे दोघे फोनवर कधी धड बोलत नाहीत रे बाबा. त्या विमानात बसले की मात्र तास-तास बोलतात. आता महिनाभर तेही बंद आहे."

ते विमान म्हणजे 'स्टार वॉर्स: दी ओल्ड रिपब्लिक' हा ऑनलाइन गेम. मी गेम खेळत नाही, पण त्या पोराने जे समजावलं तसं आमच्या ट्रेनिंगमध्येही कोणी समजावलेलं नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये हा गेम आला तेव्हा अंतराळातली लढाई रुळावरून गाडी जावी तशी ठरल्या वाटेने चालायची. आपण फक्त गोळ्या झाडायच्या. 2013 च्या डिसेंबरमध्ये 'गॅलॅक्टिक स्टारफायटर' नावाची भर आली, आधी पैसे भरणाऱ्यांना आणि 2014 च्या फेब्रुवारीत सगळ्यांना, फुकट. त्यात यान पूर्ण आपल्या हातात. समोर कॉम्प्युटर नाही, खरी माणसं, एका बाजूला जास्तीत जास्त 12. हे दोघे भाऊ युरोपातल्या सर्व्हरवर खेळतात. रात्री साडेदहाला, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजून मोठा कामावरून सुटलेला असतो.

"आणि जमिनीवरच्या लढाईत काही त्रास नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही, दादा. फक्त यानात. म्हणून तर सगळे म्हणतात, तुलाच उडवता येत नाही. भाऊसुद्धा तेच म्हणतो."

जूनमध्येही त्याने मला हे सांगितलं होतं. मी तेव्हा 'हो हो' म्हटलं होतं. या वेळी मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, फरक सांग.

जमिनीवर शत्रू निवडायचा आणि बटण दाबायचं. एका वारानंतर दुसरा करायला दीड सेकंद थांबावंच लागतं, गेमचाच नियम आहे. मध्ये अर्धा सेकंद लाइन गेली तर त्या दीड सेकंदात ती जिरून जाते. यानात तसं नाही. तिथे शत्रूवर नेम धरायचाच नसतो. तो जिथे पोचणार आहे तिथे, त्याच्या पुढे, एक बारीक वर्तुळ दिसतं, त्यावर धरायचा. क्षेपणास्त्र सोडायचं तर शत्रूला ठरलेल्या गोलात काही सेकंद सलग पकडून ठेवावं लागतं. मध्ये निसटला की पुन्हा पहिल्यापासून. तो चालवतो ते स्काउट, सगळ्यात चपळ यान, सतत वळणारं. अर्धा सेकंद माहिती आली नाही की समोरचं यान इथून तिथे उडी मारतं आणि ते वर्तुळही त्याच्याबरोबर.

हे ऐकताना मला आमच्या स्पीड टेस्टची लाज वाटली. ती चालते पाव मिनिट. वाटेत माहितीची पाकिटं गळली तर पुन्हा मागवून घेते आणि शेवटी सरासरीचा आकडा छापते. व्हिडिओ तर पुढचा बराच भाग आधीच भरून ठेवतो. सगळं जग आमची गळती झाकून घेतं, आणि जे एकच ठिकाण झाकत नव्हतं तिथून आलेली तक्रार आम्ही तीनदा पोरकट समजून बंद केली. ऑफिसात गेमवाल्यांच्या तिकिटांवर सगळे हसतात. हसणाऱ्यांत जास्त आवाज ज्यांना मीटर नीट वाचता येत नाही त्यांचाच असतो.

मग त्याने वही काढली. चौकोनी रेघांची, शाळेची. तारीख, वेळ, आणि समोर 'उडी 7', 'उडी 3', 'काही नाही'. वेळांत काही मेळ नव्हता. तारखांत होता. 14 आणि 15 ला पान भरलेलं, पुढचे दोन दिवस कोरे. 14 आणि 15 मला चांगल्या आठवत होत्या. त्या दोन रात्री वाऱ्याने अर्ध्या तालुक्याची वीज गेली होती आणि मी पहाटेपर्यंत शिडीवर होतो.

वारा. मी साडेदहापर्यंत थांबायचं ठरवलं. ड्युटी सहालाच संपली होती.

माझा लॅपटॉप राउटरला वायरने जोडला, एका खिडकीत पिंग, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते, दुसरीत राउटरचं ते पान ज्यावर आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. उणे 23.6. हा आकडा शून्यापासून जितका लांब तितका प्रकाश कमी. आमच्या राउटरच्या डब्यांची सहनशक्ती उणे 27 पर्यंत, म्हणजे कागदावर सगळं उत्तम, आणि दिवसा आलेल्या तिघांनाही हेच दिसलं असणार. पोरगा यानात बसला. पिंग 150 मिलिसेकंदांच्या आसपास, युरोपासाठी ठीक. पाच मिनिटं काही नाही. मग बाहेर पोफळींची सळसळ ऐकू आली, तो "गेलं!" म्हणाला, आणि माझ्या पिंगच्या खिडकीत एकामागोमाग तीन ओळी रिकाम्या. पान ताजं केलं तर उणे 28.9. पुन्हा केलं, उणे 23.7. पुढची झुळूक, पुन्हा तेच. तो पडद्याकडे बघून 'उडी' म्हणायचा आणि माझा आकडा त्याच्या मागून यायचा. माझं यंत्र त्याच्यापेक्षा सावकाश होतं.

मग त्याला खेळ सोडायला लावला, फायबर राउटरमधून काढली आणि त्यात लाल लेझर सोडला. आमच्याकडे असतो, पेनाएवढा. फायबर शाबूत असेल तर तो प्रकाश आतल्या आत जातो. जिथे ती नको तेवढी वाकली असेल तिथे बाहेर फुटतो, आणि काळ्या वायरीतून दिसायला वरचं आवरणही कापलेलं लागतं. दिवसा काहीच दिसलं नसतं. टॉर्च बंद करून आम्ही दोघे कुळागरात शिरलो, पायांखाली पाटाचं पाणी, जळवांची भीती. पहिली पोफळ काळी. दुसरी काळी. तिसऱ्या पोफळीवर, माझ्या डोक्याच्या दोन हात वर, मसुराएवढा लाल ठिपका. वारा आला, पोफळ झुकली, ठिपका तांबडालाल झाला. पोफळ सरळ झाली, ठिपका विझत आला.

शिडी लावून चढलो. वायर पोफळीला बांधायच्या तारेने करकचून आवळलेली, साध्या लोखंडी तारेने. गंजून ती काळ्या आवरणात रुतली होती. झाड हलेल तशी वायर त्या तारेवरून काटकोनात मोडायची. वर छापलेलं वाचलं: जी.652डी. ही फायबर 30 मिलिमीटरच्या त्रिज्येपेक्षा कमी वाकवायची नसते. घरात-झाडांत ओढायची ती जी.657, तिच्यातली चांगली जात साडेसात मिलिमीटरपर्यंत वळण सोसते. भावात फार फरक नाही. पण ठेकेदाराला पैसे कनेक्शनमागे मिळतात, आणि 180 मीटरला मध्ये दोन खांब लागले असते. खांबांऐवजी पोफळी वापरल्या. पोफळीइतकं हलणारं झाड कुळागरात दुसरं नाही, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून नवी वायर ओढली. खांब मागितलेत, अजून मंजूर नाहीत. तोवर माडांच्या बुंध्यांना क्लॅम्प लावून, प्रत्येक ठिकाणी हातभर ढील सोडून नेली. शेवटी उणे 21.4. रात्री सव्वाअकराला पोराचा मेसेज आला, 'उडी 0. भाऊ विचारतोय कोणी दुरुस्त केलं.'

तिकीट बंद करताना कारणांची यादी येते. त्यात वारा नाही, चुकीची वायर नाही, चुकीचं बांधकाम नाही. 'ड्रॉप बदलली' एवढं निवडलं. जूनचा माझा शेरा दुरुस्त करता येतो का ते बघितलं. बंद तिकीट उघडत नाही. पोराला मात्र फोन करून सांगितलं की पहिला शेरा माझा होता आणि चुकीचा होता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे भावाला सांगाल? माझं तो ऐकणार नाही." सांगितलं. स्विंडनला फोन लावून, तारेसकट सगळं.

देवळाकडच्या त्या बॉक्सवरून आणखी 11 घरांना वायर गेली आहे, त्याच ठेकेदाराची, पोफळींवरूनच. त्यांतल्या एकाचीही तक्रार नाही. चतुर्थीच्या आधी चार घरांच्या तारा सोडवून झाल्या. उरलेल्या घरी माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांची, गडबड चालू आहे, तरी मी जाऊन वर चढतो. काढलेला वायरीचा तुकडा, त्या तारेच्या खाचेसकट, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला आहे. मीटिंगमध्ये दोनदा टेबलावर ठेवला. दोन्ही वेळा कोणीतरी विचारलं, पण स्पीड तर येत होता ना?