तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तयार’ घोडा म्हणजे किती तयार?

“हॉलंडहून फ्रिजियन मागवतोय. तयार घोडा आहे म्हणतात. मुलगी चौदा वर्षांची आहे, झेपेल ना तिला?” मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, तबेल्याच्या दारात हा प्रश्न मला वरचेवर येतो. (फ्रिजियन म्हणजे हॉलंडच्या फ्रीसलंड प्रांतातली काळ्या घोड्यांची जात.) मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि सहा वर्षांपूर्वी मीही असाच एक ‘तयार’ घोडा मागवला, म्हणून विचारतात. हो किंवा नाही म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा घोडा तेव्हा पाच वर्षांचा होता. खच्ची केलेला, काळाभोर, आयाळ पार खांद्याखाली. कागदावर ‘डुबल माक’ असं लिहिलं होतं, म्हणजे खोगिराखालीही चालतो आणि गाडीलाही. व्हिडिओत एक सहा फुटी स्वार त्याला मैदानात सुरेख फिरवत होता. डॉक्टरांची तपासणी झाली, एक्स-रे निघाले, विमान झालं, न्यूयॉर्कला तीन दिवस विलगीकरण झालं. (घोडी असती तर रोगतपासणीसाठी दोनेक आठवडे, आणि नर असता तर महिनाभराहून जास्त. हा खर्च आधी विचारून ठेवा.)

पहिल्या सकाळी मी स्टुलावर चढले, रिकिबीत पाय घातला आणि तो चालायला लागला. पुन्हा आणलं, पुन्हा तेच. कशीबशी बसले आणि आमच्याकडे शिकवतात तसा लगाम सैल सोडला. तो चालायचा थांबून दुडकीवर गेला. मी जीभ टाळूला लावून ‘टक्’ केलं, तर दुडकी दुप्पट. दोन दिवसांनी त्याला घेऊन रानवाटेला गेले. समोरून दूधवाला टँकर आला, त्याने कान हलवला नाही. मग साधा उतार आला, आपल्या जिन्यापेक्षा सौम्य, आणि तो वरच थिजून उभा राहिला. चारही पाय एकत्र, मान वर, अंग थरथरतंय. फ्रीसलंड सपाट आहे हो. त्या जीवाने पाच वर्षांत उतार पाहिलाच नव्हता.

मी विक्रेत्याला चिडून फोन केला. तो मनापासून चकित झाला. “बसताना घोडा धरायला कुणी नव्हतं?” एवढंच विचारलं त्याने. त्यांच्याकडे एकजण घोडा धरतो आणि दुसरा चढतो. लगामाचा हलका ताण सतत हातात असतो आणि त्या ताणावर घोडा निर्धास्त असतो. तो सुटला की त्याचा आधारच गेला. गाडीच्या घोड्याला ‘टक्’ म्हणजे जोर लाव. तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या तबेल्यात ज्याला तयार म्हणतात तेच त्याने मला दिलं होतं आणि मी माझ्या तबेल्यातलं तयार समजून घेतलं.

मी मूळची शहाद्याची. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत वडील घोडा बघायचे तेव्हा रंग, भोवरे, चाल सगळं झाल्यावर एक प्रश्न हमखास असायचा: “कुणाच्या हाताचा आहे?” वरातीत हलगीवर नाचणारा घोडा शिकलेलाच असतो, पण त्याला टांग्याला जुंपून बघा. हे मला ठाऊक होतं, तरी समुद्रापलीकडच्या घोड्याला तो प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

फ्रिजियनच्या बाबतीत तर तो जास्तच लागू पडतो. ही जात शेतावर आणि गाडीला वाढली. ‘शेस’ ही दोन उंच चाकांची पारंपरिक गाडी आजही तिकडे मिरवतात. 1879 साली जातीची नोंदवही सुरू झाली आणि 1913 मध्ये तिच्यात जुने नर फक्त तीन उरले होते. त्यांच्यापासून सगळी जात पुन्हा उभी राहिली. गाडीच्या कामामुळे गुडघे उचलून केलेली दुडकी त्यांच्या रक्तात आहे, पण चौखूर धावणं मेहनतीने येतं. कोवळा फ्रिजियन कोपऱ्यावर चौखूर तोल सांभाळू शकला नाही तर तो हट्टी नाही, त्याची पाठ आणि मागचे पाय अजून भरायचे आहेत.

आणखी एक. कागदावर ‘स्टेर’ असं दिसलं की लोक खूश होतात. ती पदवी बांधा आणि चालीसाठी आहे. पांढऱ्या कपड्यातला माणूस लगाम धरून घोड्याशेजारी धावतो आणि घोडा जीव तोडून दुडकतो, ते बघून परीक्षक ती देतात. खोगीर त्यात कुठेच नाही. माझा घोडा कुणी शेजारी धावलं की आजही उसळतो.

तेव्हा घोडा बघायला जाताना मुलीला घेऊन जा. तिला सांगा, घोडा कुरणातून तिनेच आणायचा, खरारा तिनेच करायचा, खोगीर तिनेच कसायचं. लागोपाठ दोन दिवस बसू द्या, एकदा मैदानाबाहेर, सोबत दुसरा घोडा नसताना. आधी विक्रेत्याचा स्वार बसू दे, मग ती. ‘स्टाप’ (चाल; ‘थांब’ नव्हे), ‘ड्राफ’ (दुडकी), ‘गालोप’ (चौखूर) हे त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या. आणि किमतीबरोबर सहा महिन्यांच्या शिकवणीचे पैसे बाजूला काढा, घोड्याच्या आणि मुलीच्याही.

आमचा उतार उतरायला अकरा दिवस लागले. मी पुढे पायी चालायची, खिशात गाजरं, लगाम हातात हलकासा ताणलेला, आणि दर दोन पावलांवर त्याच्या भाषेतलं ‘स्टाप’.