जावातून मराठी पीडीएफ: नीट लायब्ररी सापडेपर्यंतचा माझा अनुभव

‘पूर्ण युनिकोड सपोर्ट’ हे शब्द दिसले की अजूनही माझं डोकं तापतं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बहुतेक पीडीएफ लायब्रऱ्यांच्या (म्हणजे पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडच्या) माहितीत ते असतात, आणि मराठी छापायची वेळ आली की त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.

काम तसं सरळ होतं. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच छोट्या व्यावसायिकांसाठी सॉफ्टवेअर करतो. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यांना हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम हवा होता. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, क्विंटलचा भाव, हमाली-तोलाई आणि हाती येणारी रक्कम, एवढंच. पट्टी मराठीतच पाहिजे हा त्यांचा आग्रह, आणि तो मला मनापासून पटला. ज्याने माल पिकवला त्याला स्वतःचा हिशोब वाचता यायलाच हवा.

जुन्या एक्सेल फायली अपाची पीओआय या लायब्ररीने वाचल्या, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकला, लायब्रऱ्या आणून प्रोग्रॅम बांधायला मेव्हन. त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सगळं घोडं अडलं ते पीडीएफपाशी.

एक नावाजलेली लायब्ररी घेतली, मराठी फाँट एम्बेड केला आणि पहिली पट्टी काढली. चौकोनी डबे आले नाहीत, अक्षरं मराठीच होती. पण ‘दिंडोरी’तली पहिली वेलांटी द च्या आधी यायची ती द च्या पुढे जाऊन बसली. ‘त्र्यंबकेश्वर’चे त, र, य सुटे पडले आणि त, र यांच्या पायाशी हलन्त लोंबत होता. ‘शेतकऱ्याचे नाव’ हे तर पट्टीवरचं पहिलंच लेबल, त्यातल्या ऱ्या ची पार वाट लागली होती. व्यापाऱ्यांना नमुना दाखवला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हे मी शेतकऱ्याच्या हातात देऊ? तो म्हणेल, शेठ, आधी माझं नाव नीट लिहा, मग पैशाचं बोला.” बरोबरच होतं त्यांचं.

हे का होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय लायब्ररी शोधताच येत नाही. युनिकोडमध्ये ‘दि’ साठवताना आधी द आणि मग वेलांटी साठवतात, उच्चाराच्या क्रमाने. छापताना वेलांटी उचलून आधी ठेवायची आणि जोडाक्षरांसाठी फाँटमधल्या जीसब नावाच्या तक्त्यातून वेगळा आकार निवडायचा, हे काम शेपिंग इंजिनाचं. लायब्ररीत ते इंजिन नसेल तर ती एकेक अक्षर मोजून शेजारी शेजारी ठेवते. तिच्या लेखी तोच युनिकोड सपोर्ट. फाँट कितीही बदला, फरक पडत नाही, आणि इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी सल्ला नेमका तोच मिळतो: फाँट बदलून बघा.

मेन रोडच्या एका डीटीपीवाल्या मित्राने सुचवलं, शिवाजी फाँट वापर, छपाई एकदम फक्कड येते. येते हे खरं, पण त्यात मराठी दिसणारी अक्षरं आतून इंग्रजी कीबोर्डची असतात. उद्या नावावरून शेतकरी शोधायचा कसा? तो मार्ग मी घेतला नाही.

मग परवान्यांचा घोळ. आयटेक्स्ट या जावाच्या पीडीएफ लायब्ररीची पाचवी आवृत्ती २००९ मध्ये आली तेव्हापासून तिला एजीपीएल परवाना आहे, म्हणजे आपला कोड खुला करा नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्या. भारतीय लिप्यांची जोडाक्षरं जुळवणारं पीडीएफकॅलिग्राफ हे त्यांचं अॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. एका दुकानाच्या पट्टीसाठी हे परवडणारं नव्हतं. अपाची एफओपी या दुसऱ्या लायब्ररीत १.१ आवृत्तीपासून देवनागरीची सोय आहे, पण त्यासाठी सगळा आराखडा एक्सएसएल-एफओ या पानाच्या मांडणीच्या वेगळ्या भाषेत लिहायचा. मोठे अहवाल असतील तर जरूर बघा, माझ्या अर्ध्या पानाच्या पट्टीला ते जड वाटलं. प्लेराइट हे कोडमधून ब्राउझर चालवणारं साधन वापरून क्रोमियम ब्राउझरकडून एचटीएमएलची पीडीएफ काढली. छपाई अगदी देखणी. पण बाजार समितीतल्या गाळ्यावरच्या जुन्या पीसीवर प्रत्येक पट्टीला अख्खा ब्राउझर उठवायचा हे मला मान्य नव्हतं. ती पीडीएफ मात्र मी जपून ठेवली, पुढच्या प्रत्येक प्रयोगाशी ताडून बघायला.

वाट सापडली ती जेशेलमध्ये, म्हणजे जावाच्या ओळी लगेच चालवून बघायच्या साधनात. सहज बघावं म्हणून मुक्ता फाँट लोड केला आणि जावाच्या स्वतःच्या ड्रॉस्ट्रिंगने ‘त्र्यंबकेश्वर’ एका पीएनजी चित्रावर काढलं. अक्षर न् अक्षर बरोबर! मी खुर्चीतून उठलोच. क्रोम आणि अँड्रॉइड ज्या हार्फबझवर मराठी जुळवतात, तेच शेपिंग इंजिन २०१७ च्या जावा ९ पासून जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ संचातच, डिफॉल्ट आहे. इतके दिवस मी बाहेर शोधत होतो ते जावाच्या पोटातच होतं. आता प्रश्न एवढाच उरला, की कोणती पीडीएफ लायब्ररी हे इंजिन वापरू देते?

ओपनपीडीएफ. आयटेक्स्टच्या जुन्या चौथ्या आवृत्तीतून निघालेली ही शाखा, परवाना एलजीपीएल आणि एमपीएल, म्हणजे लायब्ररी नुसती वापरली तर आपला कोड खुला करावा लागत नाही. तिच्यात लेआउटप्रोसेसर नावाचा क्लास आहे. फाँट तयार करण्यापूर्वी त्याची एनेबल मेथड एकदा बोलवायची, आणि अक्षरजुळणी जावाच्या इंजिनाकडे जाते. एका ओळीचा फरक! ही ओळ लायब्ररीच्या माहितीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात का नसते, याचा राग मला अजून आहे. ‘शेतकऱ्याचे नाव’ छापून आलं त्या रात्री मी पट्टी भिंतीला चिकटवली. ती अजून तिथेच आहे.

तुम्ही शोधायला बसाल तेव्हा ‘मराठी पीडीएफ जावा’ असं टाकू नका, हाती काही लागत नाही. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, ‘टेक्स्ट शेपिंग’, ‘जीसब’ असं इंग्रजीत शोधा. लायब्ररीच्या गिटहबवर (तिचा कोड जिथे ठेवलेला असतो तिथे) बंद झालेले इश्यू, म्हणजे लोकांच्या जुन्या तक्रारीही बघा, आणि ‘हिंदी’, ‘बंगाली’, ‘इंडिक’ हे शब्द टाकून बघा. मराठी माणसाची अडचण आधी बंगाली माणसाने मांडलेली असते. ‘आम्ही हे करणार नाही’ असं उत्तर तिथे दिसलं तर तुमचा आठवडा वाचला. आणि मेव्हन सेंट्रल या लायब्रऱ्यांच्या भांडारात शेवटची आवृत्ती कधीची आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हो, एक राहिलं. सर्व्हरवर लिनक्सचं छोटं कंटेनर वापरणार असाल तर त्यात फाँटकॉन्फिग हे फाँट शोधून देणारं पॅकेज आहे का ते तपासा. नसेल तर जावाचा फाँटचा भाग सुरूच होत नाही आणि एरर असा येतो की कारण लक्षातही येत नाही.

रकमेचंही तसंच. जावाचा आकडे मांडणारा डेसिमलफॉरमॅट हा क्लास लाखाचे स्वल्पविराम देत नाही, पॅटर्नमध्ये कितीही टाका, तो शेवटचा गटच धरतो आणि १,२३,४५६ चे १२३,४५६ करतो. त्यासाठी आयसीयू४जे ही लायब्ररी घ्या. लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) मराठी दिलं की आकडेही देवनागरी येतात. ‘अक्षरी रुपये’साठी मात्र एक ते नव्व्याण्णवची यादी मी हातानेच लिहिली.

आता प्रोजेक्टमध्ये एक टेस्ट फाइल आहे: दिंडोरी, निफाड, सिन्नर, त्र्यंबकेश्वर, व्यापाऱ्याची सही, ज्ञानेश्वर, कृष्णा, विठ्ठल. ओपनपीडीएफची नवी आवृत्ती आली की पट्टीच्या कोडला हात लावण्याआधी ही छापतो, प्लेराइटच्या त्या जुन्या पीडीएफशेजारी ठेवतो आणि मगच मेव्हनच्या पॉम फाइलमधला आवृत्तीचा आकडा बदलतो.