गाडी बंद, सॉकेट चालू?
आमच्या दांडिया बाजारात गाडी रात्रभर रस्त्यावरच, म्हणून डॅशकॅम (काचेमागचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा) चार्जरच्या सॉकेटवर लावला तर दाजी लगेच म्हणाले, चावी काढल्यावर त्या सॉकेटमधे करंट राहतो का रे? ते गाडीवर आहे, काहींमधे इग्निशनसोबत जातो, काहींमधे कायम असतो. लाइटवाला चार्जर खोचा, चावी काढा, दारं लॉक करा आणि काचेतून बघा, पण लगेच नाही हं, काही गाड्या थोड्या वेळाने सप्लाय तोडतात. अर्ध्या तासानेही लाइट चालूच असेल तर हिशोब करा, कॅमेऱ्याने पाव अँपिअर जरी ओढला तरी 24 तासात 6 अँपिअर-अवर गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते साधारण 35ची. गणपतीत चार दिवस गावाला जाऊन आलात की स्टार्टर नुसता टकटक करणार. टायरमधे हवा भरायचा पंप जास्त करंट ओढतो, तो मात्र इंजिन चालू ठेवूनच लावा, आधी त्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा ते बघून.