स्फेरॉइड (पेशींचा त्रिमितीय गोळा) मोजायला एक फोटो पुरतो का?

‘ब्राइटफील्डमध्ये (साध्या प्रकाशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली) एक फोटो काढला, फिजीत (प्रतिमा मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कड आखली की व्यास मिळतो. मग कन्फोकलवर (एकेका पातळीचं चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) बसून झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांचा संच) कशाला घ्यायचा? आणि घेतलाच, तर दोन्हींचे आकडे जुळत का नाहीत?’ स्फेरॉइडवर नव्याने काम करणारे हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

प्लेटच्या तळाला चिकटून एका थरात वाढलेल्या पेशी असतील तर स्टॅकच्या भानगडीत पडू नका. डॅपीने (केंद्रकातल्या डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने) रंगवा, एक फोटो काढा, मोजा. स्फेरॉइड वाढतोय की आक्रसतोय एवढंच बघायचं असेल, तरीही फोटो पुरतो. त्यावरून आकारमान काढायला गेलात की मात्र पंचाईत होते. त्रिज्येचा घन होत असल्याने व्यासातली १० टक्क्यांची चूक आकारमानात ३३ टक्के होते. शिवाय वरून गोल दिसणारा स्फेरॉइड बाजूने चपटा असू शकतो, आणि ते फोटोत दिसणारच नाही.

खरी फसगत केंद्रकं मोजताना होते. मॅक्सिमम प्रोजेक्शनमध्ये (सगळा स्टॅक एकाच सपाट चित्रात दाबल्यावर) एकाखाली एक असलेली केंद्रकं मिळून एकच मोठा डाग दिसतो. संख्या घटते, क्षेत्रफळ फुगतं. एकच स्लाइस (स्टॅकमधलं एका खोलीवरचं चित्र) घेतली तर उलटा प्रकार. गोल केंद्रक कधी मधोमध कापलं जातं, कधी टोकाशी, त्यामुळे सरासरी व्यास खऱ्याच्या सुमारे ७९ टक्केच भरतो. ‘सपाट कल्चरपेक्षा स्फेरॉइडमधली केंद्रकं लहान असतात’ असं कुणी एका स्लाइसवरून सांगितलं, तर आधी हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

म्हणून त्रिमितीय आकडा आपोआप बरोबर ठरतो असं नाही. झेड, म्हणजे खोलीच्या दिशेचं माप, तपासलेला नसेल, तर मला साधा फोटोच जास्त भरवशाचा वाटतो. २०एक्स, ०.७५ एनएच्या (एनए म्हणजे भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता) एअर ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे हवेतून बघणाऱ्या भिंगाला, १ ते २ मायक्रॉनची स्टेप (दोन स्लाइसमधलं अंतर) ठेवा. ५ ठेवलीत तर १० मायक्रॉनचं केंद्रक दोन-तीन स्लाइसमध्येच येतं आणि खालच्या शेजाऱ्याला चिकटतं. दुसरं म्हणजे, एअर ऑब्जेक्टिव्ह १०० मायक्रॉन सरकलं की पाणीदार माध्यमात फोकस सुमारे १३३ मायक्रॉन सरकतो, कधी थोडा जास्तच. ही दुरुस्ती केली नाही तर सगळं चपटं दिसतं आणि आकारमान पाव हिश्श्याने कमी येतं. ऑइल ऑब्जेक्टिव्हला नेमकं उलट: १०० ला साधारण ८८. फिजीच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हॉक्सेल डेप्थ (दोन स्लाइसमधलं खरं अंतर) बदला, आणि त्याच माध्यमात १५ मायक्रॉनचे फ्लुरोसंट मणी बसवून एक्सझेड दृश्यात (बाजूने पाहताना) ते गोल दिसतात का ते बघा.

आता खोली. क्लिअरिंग (नमुना पारदर्शक करणं) न करता दाट स्फेरॉइडमध्ये ५० ते १०० मायक्रॉननंतर सिग्नल मंदावतो. थ्रेशोल्ड (ठरावीक उजेडाखालचं सगळं वगळणारी मर्यादा) लावला की आतली केंद्रकं गायब, आणि अहवालात ‘नेक्रोटिक कोअर’, म्हणजे मेलेल्या पेशींचा गाभा! पोकळी फक्त ऑब्जेक्टिव्हपासून लांबच्या बाजूला असेल तर तो प्रकाशाचा दोष. सगळीकडून सारखी असेल तर ती खरी असू शकते, किंवा रंग आत पोचलेला नसतो. क्रायोसेक्शन (गोठवलेल्या नमुन्याचा पातळ काप) कापून तोच रंग दिला की उलगडा होतो. क्लिअरिंगसाठी फिक्स केलेल्या (रसायनाने स्थिर केलेल्या) नमुन्याला ६० टक्के ग्लिसरॉल आणि २.५ मोलर फ्रुक्टोजचं द्रावण चांगलं चालतं. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप; पाण्याचा १.३३) १.४७ च्या आसपास असतो, म्हणून झेडचा गुणकही १.३३ वरून तिथे न्यावा लागतो. हे हमखास विसरलं जातं.

केंद्रकं आपोआप ओळखायला स्टारडिस्ट वापरा की सेलपोज, ५० मायक्रॉन बाजूचे दोन घन निवडून, एक वरच्या थरातला आणि एक खोलवरचा, त्यांतली केंद्रकं हाताने मोजा आणि सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून बघा. वर जुळलं आणि खाली नाही, तर सॉफ्टवेअर बदलत बसू नका, क्लिअरिंगकडे वळा.