रंग सरकलेली बाई

आर्वीत माझं फ्रेमचं दुकान आहे. गजानन महाराज, तुकडोजी महाराज, लग्नातल्या जोडप्यांचे आणि हार घालायचे फोटो, यांच्यावर ते चालतं. त्याआधी बारा वर्षं मी लग्नपत्रिका छापायचो, स्क्रीनवर, म्हणजे जाळीतून शाई दाबून.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक पोरगा आला. नोकरी पुण्यात, पण गावी बापाचं घर नव्यानं बांधलेलं. नळीतून त्यानं दोन चित्रं काढली. पहिल्यात एकच बाई चार वेळा. ओठांचा लाल रंग ओठाबाहेर, पापणीचा निळा भुवईवर.

मी म्हटलं, "भाऊ, याचा रंग सरकला की हो!"

आमच्या धंद्यात प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. खूण जरा हलली की गणपतीचा शेंदूर सोंडेबाहेर, आणि पार्टी पैसे कापणार.

पोरगा हसला. "काकाजी, ते तसंच आहे." मग त्यानं सांगितलं. अमेरिकेतल्या अँडी वॉरहॉल नावाच्या चित्रकारानं 1962 मध्ये सूपच्या डब्यांची 32 चित्रं केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो ही नटी गेली, चित्रातली बाई तीच. तिचा सिनेमाच्या जाहिरातीतला फोटो घेऊन तो सिल्कस्क्रीनवर छापत सुटला. सिल्कस्क्रीन म्हटल्यावर माझे कान टवकारले. म्हणजे हा आपल्याच धंद्यातला! आम्ही ज्यासाठी शिव्या खाल्ल्या, ते त्यानं भिंतीवर टांगलं.

"ही पण स्क्रीन प्रिंटच आहेत," पोरगा म्हणाला. एकेकाला साडेतीन हजार मोजले होते, ऑनलाइन.

मला राहवलं नाही. प्रेसच्या दिवसातली भिंगाची काच गल्ल्यात पडून होती. स्क्रीनची शाई सपाट बसते, एका रंगाचा एक जाड थर, कडेला बोट फिरवलं तर कळतो. इथं काचेखाली निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके फुलासारखे दाटलेले. म्हणजे ऑफसेट, पोस्टरं छापतात ती मशीनची छपाई. दुसऱ्या चित्रानं तर मजाच केली. ते रॉय लिक्टेन्स्टाइन या दुसऱ्या अमेरिकी चित्रकाराचं, कॉमिकसारखी रडणारी मुलगी, गालावर मोठाले लाल ठिपके. स्वस्त छपाईचे ठिपके त्यानं मुद्दाम मोठे करून काढलेले. आणि त्या प्रत्येक लाल ठिपक्याच्या पोटात पुन्हा गुलाबी-पिवळे ठिपके!

"म्हणजे फसलो?"

"कागद चांगला आहे, छपाई साफ आहे. पण भाव पोस्टरचा द्यायचा होता."

एरवी मी फोटो फेविकॉल लावून हार्डबोर्डवर दाबून टाकतो. इथं हात आवरला. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश, मग चार महिने ओल, कागद ताणतो आणि आखडतो. म्हणून फक्त वरच्या कडेला कागदी टेप, चहूबाजूंनी दोन इंच माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, त्यामुळे काच चित्राला टेकत नाही. आणि पश्चिमेची भिंत नको म्हणून बजावलं, ऊन रंग खातं.

फ्रेमा लावायला मीच गेलो. खाटेवर त्याचे आजोबा बसलेले. बराच वेळ बाईकडे पाहत राहिले.

"काहून रे, हिच्या ओठाचा रंग बाहीर गेला न?"

"तसंच असते ते, आबाजी."

"मंग पैसे कमी देल्ले असतीन?"

पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी स्टुलावर चढून खिळा ठोकत राहिलो.