कधीमधी ओढलेली सिगार आणि वजने उचलण्याची ताकद

वेट ट्रेनिंग मनापासून करणाऱ्यांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो: महिन्यातून एखाददुसरी सिगार ओढली तर ताकद कमी होते का? कोणी म्हणतो की सगळी मेहनत पाण्यात गेली, तर कोणी अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे सिगार हातात धरलेले छायाचित्र पुढे करतो. मी अनेक वर्षे वजने उचलत आलो आहे आणि अधूनमधून सिगारही ओढतो, त्यामुळे या प्रश्नाकडे मला दुरून पाहता येत नाही. माझे मत असे झाले आहे की कधीमधी ओढलेल्या सिगारचा ताकदीवर होणारा परिणाम थोडा आणि बहुतांशी काही तासांपुरता असतो. मात्र तेवढ्यावरून सिगार निरुपद्रवी ठरवणे चुकीचे आहे, कारण तिचा खरा धोका जिथे आहे तिथे बारबेल (वजनाच्या चकत्या लावलेला दांडा) आपल्याला काहीच सांगू शकत नाही.

सर्वप्रथम सिगार आणि सिगारेट यांतला फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटीन मुख्यतः फुप्फुसांतून रक्तात जाते. सिगारची तंबाखू हवेवर वाळवलेली आणि आंबवलेली असते, तिचा धूर अल्कधर्मी असतो आणि अशा धुरातले निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतूनच शोषले जाते. ‘मी धूर आत घेत नाही, म्हणजे मला काही होत नाही’ हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. प्रमाणाचाही प्रश्न आहे. सिगारेटमध्ये साधारण एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते, तर मोठ्या सिगारमध्ये ती ५ ते १७ ग्रॅम असू शकते. रिकाम्या पोटी सिगार ओढणाऱ्याला घाम फुटतो, मळमळते, डोके हलके होते, ते यामुळेच.

निकोटीन रक्तात गेले की ॲड्रेनलिन स्रवते, नाडीचे ठोके मिनिटाला १० ते १५ ने वाढू शकतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. जड वजन उचलताना आपण श्वास रोखून पोट आवळतो, तेव्हा रक्तदाब आधीच विलक्षण वाढलेला असतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मापक बसवून दोन्ही पायांनी लेग प्रेस (पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम) करतानाचा रक्तदाब मोजला, तेव्हा त्याची सरासरी ३२० / २५० पर्यंत गेली होती. निरोगी शरीर असा क्षणिक दाब सहन करते, पण त्यात निकोटीनची भर घालण्याचे कारण नाही. व्यायामाच्या आधी ओढलेल्या सिगारने ‘तरतरी’ येते असे सांगणारे लोक आहेत. ती तरतरी खरी असली, तरी तिच्यासोबत आलेले वाढलेले ठोके आणि आकसलेल्या रक्तवाहिन्याही तितक्याच खऱ्या आहेत.

दुसरा घटक कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते, आणि शिवाय उरलेला प्राणवायू पेशींकडे सोडून देण्याची रक्ताची तयारीही तो कमी करतो. साध्या हवेत श्वास घेत असताना रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे चार ते सहा तास लागतात. सिगारमध्ये तंबाखू जास्त आणि वरचे पान कमी सच्छिद्र, म्हणून तिच्या धुरात हा वायू भरपूर असतो. धूर तोंडातच ठेवणाऱ्याच्या रक्तात तो कमी जातो, आत घेणाऱ्याच्या रक्तात बराच. पूर्वी सिगारेट ओढणारी माणसे सिगारकडे वळल्यावर जुन्या सवयीने धूर छातीत घेतात, आणि ‘कधीमधी’ हा शब्द त्यांच्या बाबतीत फारसा दिलासा देत नाही.

आता हे वजनांच्या भाषेत मांडू. एकच जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे, काही सेकंदांत संपते. तिला लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या ऊर्जा देणाऱ्या रसायनांमधून येते, त्या क्षणी प्राणवायूचा तुटवडा आड येत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी सिगार ओढूनही कोणाचे कमाल वजन जसेच्या तसे राहिले, तर त्यात नवल नाही, आणि नेमक्या याच अनुभवावरून लोक ‘काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढतात. फरक पाहायचा असेल तर दोन सेटच्या (सेट म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांचा गट) मधल्या विश्रांतीकडे पाहावे. संपलेले क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरून निघण्यासाठी प्राणवायू लागतो. पाच-सहा सेट, प्रत्येकात दहा-बारा स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), मध्ये दीड मिनिटाची विश्रांती, असा व्यायाम असेल तर प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता थोडी जरी घटली तरी शेवटच्या सेटमध्ये एक-दोन रेप्स (आवर्तने) कमी निघतात आणि धाप लवकर लागते. धावणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला हा तोटा आणखी ठळकपणे जाणवतो.

माझ्या मते याहून मोठे नुकसान संध्याकाळी होते. सिगार सहसा रात्रीच्या जेवणानंतर, गप्पांच्या बैठकीत आणि अनेकदा मद्यासोबत ओढली जाते. निकोटीन उत्तेजक आहे. त्याने झोप उशिरा लागते आणि गाढ झोपेचा वाटा घटतो. व्यायामानंतर बरेच मद्य घेतले तर स्नायूंत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग लक्षणीय घटतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले आहे, आणि पुरेसे प्रथिन घेऊनही ती घट पूर्ण भरून निघाली नव्हती. दुसऱ्या दिवशी जिममध्ये अंग जड वाटते तेव्हा सारा दोष सिगारला दिला जातो. वास्तविक त्यात उशिरापर्यंतच्या जागरणाचा आणि ग्लासाचा वाटा अधिक असू शकतो.

रोज धूम्रपान करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अनेक वर्षे भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांच्या स्नायूंत प्रथिननिर्मिती मंदावलेली आणि स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिनची खूण वाढलेली आढळली आहे. हे निष्कर्ष महिन्यातल्या एका सिगारवर लादणे अन्यायाचे होईल. उलट श्वार्झनेगर यांच्या छायाचित्रावरूनही काही सिद्ध होत नाही: सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया ठरलेल्या माणसाचे शरीर आनुवंशिक देणगी आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेले असते, आणि त्या शरीराने जे पचवले ते आपले शरीर पचवेल याची काहीच हमी नसते.

माझे स्वतःचे नियम साधे आहेत. व्यायामाच्या दिवशी व्यायामाआधी सिगार नाही, जड पायांच्या व्यायामाच्या आदल्या रात्री नाही, धूर छातीत घ्यायचा नाही, आणि घरात किंवा इतर कोणी बसले असेल तिथे ओढायची नाही. खांद्याचा किंवा गुडघ्याचा स्नायुबंध दुखावला असेल, तर तो भरून येईपर्यंत पूर्ण बंद, कारण तंबाखूमुळे ऊतींना होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमा भरायला वेळ लागतो. महिन्यातली एक सिगार आठवड्याला एक झाली, तर तिला ‘कधीमधी’ म्हणणे मी थांबवतो आणि काही महिने तिला हात लावत नाही.

आणि तोंडाचे काय, हा भाग वजने उचलणारे जवळजवळ विसरतात. अमेरिकेत २००० साली मोठ्या सिगार कंपन्यांनी वेष्टनांवर इशारे छापण्याचे मान्य केले. धूर आत घेतला नाही तरी सिगारमुळे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो, असा त्यांतला एक इशारा होता. अन्ननलिका, स्वरयंत्र आणि हिरड्याही धोक्यात येतात. बेंच प्रेसचे (बाकावर झोपून छातीवरून ढकलण्याचे) वजन दर महिन्याला वाढत असतानाही हे सारे आत चालू राहू शकते. म्हणून अधूनमधून का होईना सिगार ओढणाऱ्याने दंतवैद्याला ते मोकळेपणाने सांगावे, नियमित तपासणीत जीभ, गाल आणि टाळू पाहून घ्यावेत, आणि तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरकडे जाण्यास एक दिवसही उशीर करू नये.